नामपूरनी नावाची ड्रॅगन

शिक्षण संपल्यावर नाशकात मला पहिली नोकरी मिळाली ती ड्रॅगनची नावं तपासायची. हे आजही कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग मी थापा मारतेय का ते माझ्या चेहऱ्यावर शोधतो. पण दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा कॉलेज रोडला एका कपड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौदा जणं सकाळी सात ते दुपारी तीन हेच काम करत होतो.

परदेशातल्या एका कंपनीचा इंटरनेटवर खेळायचा खेळ होता. जगभरातली माणसं एकेक पात्र घेऊन त्यात उतरायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी बुटका लोहार, आणि बऱ्याच जणांना ड्रॅगन व्हायचं असायचं. दोन पायांवर चालणारा, अंगभर खवले असलेला, माणसासारखा बोलणारा ड्रॅगन. पात्र घेतलं की त्याला नाव द्यायचं आणि ते नाव नियमात बसतं का ते आम्ही बघायचं. आमच्यापैकी कुणीही तो खेळ खेळलेलं नव्हतं. आम्हाला खेळायला बंदीच होती.

ड्रॅगनसाठी नियमांचे चार कागद होते. नाव दोन भागांत हवं. पहिलं अंड्यात असताना आईने ठेवलेलं, दुसरं कुळाचं. मादीचं पहिलं नाव स्वरावर संपायला हवं, नराचं व्यंजनावर. आकडे नकोत. देवाचं, खऱ्या माणसाचं किंवा खऱ्या गावाचं नाव नको. शिवी कुठल्याच भाषेतली नको. आणि नाव उच्चारताना खवल्यांवर खवले घासल्यासारखा आवाज यायला हवा. हे शेवटचं कुणी कसं ठरवायचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. मी मराठीत एम.ए. केलेली, तेव्हा मला ते कळेल असं साहेबांनी ठरवलं आणि ड्रॅगनचा सगळा ढीग माझ्याकडे आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीकडे दिला.

हे साहेब पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथली सवय ते बरोबर घेऊन आले होते. मोबाइल दाराजवळच्या लोखंडी कपाटात ठेवायचे, कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही, निघताना पर्स उघडून दाखवायची. मी लागायच्या आधी एकाने नियमांचे कागद आपल्या चुलतभावाला दिले होते म्हणून त्याला काढून टाकलं होतं. ही गोष्ट साहेब जवळजवळ दर सोमवारी सांगायचे. "बाहेरच्याला काय कळतंय," ते म्हणायचे, "आतला कुणीतरी सांगतो तेव्हा कळतं. तुम्ही एकमेकांवर लक्ष ठेवा, मॅडम." आम्ही ठेवायचो. कोण किती वेळा पाणी प्यायला उठलं हेसुद्धा आम्हाला माहीत असायचं.

माझ्याकडेही लपवण्यासारखं एक होतं. मी नामपूरची. बागलाणातलं मोठं गाव, कांद्याचा बाजार, आणि घरी बोलतो ती अहिराणी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात कुणीतरी एका मैत्रिणीची चौकशी केली आणि मी पटकन म्हणून गेले, "ती आठे नही शे." ती इथे नाही, एवढंच म्हणायचं होतं. सगळा बाक हसला. पुढे दोन वर्षं मला 'शे' म्हणूनच हाक मारायचे. मग मी जीभ घासूनपुसून घेतली. एम.ए.ला येईपर्यंत माझं बोलणं इतकं शुद्ध झालं होतं, की पुण्याची का, असं लोक विचारायचे. ऑफिसात मी सांगितलं होतं, नाशिकचीच.

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी हे जाणत होती, कारण आम्ही एकाच खोलीत राहत होतो. मखमलाबादला फुलशेती करणाऱ्या एका कुटुंबाच्या घरामागे ती खोली होती. पहाटे त्यांच्या अंगणात झेंडूची पोती टेम्पोत चढायची आणि त्या आवाजानेच आम्ही उठायचो. ती सुरगाण्याकडच्या डोंगरातली. वडील भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवायचे, पिकं निघाली की घरातले सगळे द्राक्षबागांच्या कामाला खाली यायचे. हे ती कुणालाही सहज सांगायची. काहीच न लपवणारं माणूस मला तेव्हाही जरा खटकायचं. एवढं उघडं कुणी कसं असू शकतं, याच्या मागे काहीतरी असणार, असं वाटायचं.

माझ्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता, म्हणून रविवारी सकाळी घरमालकीणबाईंच्या फोनवर आईचा फोन यायचा. मी हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून अहिराणीत बोलायचे. मी वाचनालयात गेलेली असले तर फोन ती घ्यायची.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एक नाव माझ्या स्क्रीनवर आलं. 'कोठेशे मोसम', मादी. स्वरावर संपत होतं, ऐकायला सळसळत होतं. मी पास करणार तेवढ्यात हात थांबला. कोठे शे, म्हणजे कुठे आहे. आणि मोसम ही आमच्या गावाजवळून वाहणारी नदी. मी नाव पुन्हा वाचलं. जगात एवढ्या भाषा, एखाद्या वेळी अक्षरं जुळतात, असं मनाशी म्हणून पास केलं. आठवडाभराने आलं 'तठेशे मोसम'. तिथे आहे. त्यानंतर चार दिवसांनी 'आठेशे मोसम'. इथे आहे. तिन्ही एकाच खेळाडूची. आम्हाला खेळाडूचा फक्त क्रमांक दिसायचा, नाव नाही, देशही नाही.

कुठे आहे, तिथे आहे, इथे आहे. एखादी गोष्ट लांबून जवळ जवळ येत चालल्यासारखं ते मला वाटलं. माझ्या वर्गातल्या त्या बाकाची आठवण झाली. कुणीतरी माझी गंमत करत होतं आणि त्या कुणाला तरी हे माहीत होतं, की ड्रॅगनची नावं माझ्याकडे येतात.

चौथं नाव एका सोमवारी आलं. 'नामपूरनी मोसम'.

नियम सरळ होता, खऱ्या गावाचं नाव चालत नाही. पण नाव नापास करायचं तर कारण लिहावं लागायचं, आणि नामपूर हे गाव आहे हे मला कसं ठाऊक, हा प्रश्न आलाच असता. मी शेजारी पाहिलं. ती आपली स्क्रीन बघत होती, शांत. फारच शांत, असं मला वाटलं. मी नाव पास केलं.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. माझं गाव, माझी बोली, माझं काम, हे तिन्ही ठाऊक असलेली नाशकात ती एकटीच होती. आता तिची एकेक गोष्ट मला नव्याने दिसू लागली. दर शनिवारी ती तासभर सायबर कॅफेत जायची. विचारलं तर म्हणायची, "डी.एड.चं बघायचंय." तिची एक निळी वही होती, मी खोलीत शिरले की ती मिटायची. एकदा जेवताना तिने विचारलं, "तुमच्यात मुलीला काय म्हणतात गं?"

"का?"

"असंच. तुझी आई काहीतरी म्हणते ना."

"आई काय म्हणते ते तुला काय करायचंय?" मी म्हणाले. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणंही मी हिशेबात धरलं.

एका सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या उशीखालून ती निळी वही काढली. पहिल्या पानांवर ड्रॅगनचीच नावं होती, पण निराळी. 'कोळपी', 'राजघुड्या', अशी भाताच्या वाणांची, आणि पुढे 'हे चालेल', 'हे नापास' असं तिचं तिनेच लिहिलेलं. वेळ घालवायला केलेला खेळ असावा. पण मधल्या एका पानावर दोन रकाने पाडलेले होते. शे म्हणजे आहे. आठे म्हणजे इथे. तठे म्हणजे तिथे. कोठे म्हणजे कुठे. मन्ही आंडेर म्हणजे माझी मुलगी.

बाहेर बादलीचा आवाज येत होता. मी ते पान फाडलं, घडी करून पर्समध्ये टाकलं आणि वही होती तशी ठेवली.

तिला विचारायचं, हे माझ्या मनातच आलं नाही. आज मागे वळून बघताना त्याच गोष्टीचं मला सगळ्यात नवल वाटतं. सातच्या आत मी ऑफिसात होते आणि ते पान साहेबांच्या टेबलावर ठेवलेलं होतं. मी नामपूरची आहे हेही सांगून टाकलं. राग एवढा होता की लाज मागे पडली.

साहेबांनी पान उलटसुलट करून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला म्हटलं तरी चालेल. इतक्या दिवसांनी त्यांना हातात धरता येईल असं काहीतरी मिळालं होतं. त्यांनी तिला आत बोलावलं. केबिनची भिंत प्लायवूडची होती, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"ही नावं खेळात तुम्ही टाकता?"

"नाय हो, सर. मी खेळतच नाय. हिच्या आईचा फोन येतो ना, ही नसली की मी घेते. त्यांचं बोलणं मला निम्मं कळत नाय. म्हणून त्यांनाच विचारून लिहून ठेवलं."

"फोनवर? एवढे शब्द?"

"त्या सांगतात. त्यांना आवडतं सांगायला."

साहेब हसले. बाहेर बसलेले दोघं-तिघंही हसले. मी हसले नाही, पण माझा विश्वासही बसला नाही. चांगलं रचलंय, असं मी मनात म्हणाले. तिला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. ती बाहेर आली, कपाटातून मोबाइल घेतला, सवयीने पर्स उघडून दाखवली आणि निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलं ते रागाने नाही. मी कुठे चुकले ते सांग, असं काहीतरी त्या नजरेत होतं. ते मी त्या वेळी नाटक समजले.

खोलीत आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. ती घरमालकिणीला फुलं निवडू लागायची, मी पुस्तक समोर धरून बसायचे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच क्रमांकावरून नाव आलं. 'आंडेर मोसम', मादी. वहीतलाच शब्द. मला वाटलं, आता घरी बसून, कॅफेत जाऊन, मुद्दाम मला खिजवायला पाठवतेय. हे नाव नापास करायला मला कारणही शोधावं लागलं नाही. मादीचं नाव, आणि व्यंजनावर संपतं. नियम दुसरा. मी बटण दाबलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

दोन दिवसांनी खेळाडूचं पत्र आलं. नाव नापास झालं तर हरकत घ्यायची सोय होती, आणि हरकती साहेबांकडे जायच्या. त्यांनी मला आत बोलावून इंग्रजी पत्र माझ्यासमोर सरकवलं. "वाचा," म्हणाले.

लिहिणारा सटाण्याकडचा होता. परदेशातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. त्याने लिहिलं होतं, की आंडेर म्हणजे त्याच्या बोलीत मुलगी, तर मुलीच्याच शब्दाला तुम्ही नराचं नाव कसं म्हणता. गावाकडे त्याला मुलगी झाली होती, तिला त्याने अजून पाहिलेलं नव्हतं. बाकीची नावं नीट पास केल्याबद्दल त्याने आभारही मानले होते. पहिली तीन म्हणजे लहानपणी लपाछपी खेळताना आई म्हणायची ते बोल होते. त्याची आई नामपूरहून लग्न होऊन त्यांच्या गावात आली, म्हणून सारं गाव तिला नामपूरनीच म्हणायचं. तिचं खरं नाव त्याने पहिल्यांदा वाचलं ते ती गेल्यावर, मृत्यूच्या दाखल्यावर. तो राहायचा तिथे त्याची भाषा कुणी बोलत नव्हतं. खेळात मात्र कुठकुठल्या देशांतली माणसं त्याच्या आईच्या नावाने हाक मारून लढाईला बोलवायची. ते त्याला आवडायचं.

आमच्याकडेही सासुरवाशिणीला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात. शेजारच्या काकूंना मी जन्मभर ताहाराबादनीच म्हणत आले होते. नामपूरनी हे नाव बघून मला माझं गाव दिसलं, माझी थट्टा दिसली. एखाद्या घरातली बाई दिसायला हवी होती, ती दिसली नाही.

"म्हणजे ही आपल्या माणसाची भानगड नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा निराश होता. मग त्यांनी वर पाहिलं. "पण मॅडम, तुम्ही नामपूरच्या. नामपूर गाव आहे हे तुम्हाला माहीत होतं. मग हे नाव तुम्ही पास कसं केलंत?"

मी पत्र पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

"या माणसाला ओळखता का तुम्ही?"

"नाही."

"बघा हं," ते म्हणाले, आणि ज्या नजरेने मी महिनाभर शेजारी बघत होते तीच नजर त्यांनी माझ्याकडे लावली.

त्यांनी नियम काढला. नदीचं नाव म्हणजे खऱ्या जागेचंच, त्यामुळे कुळ रद्द. गावाचं नाव रद्द. ती चारही नावं काढून टाकायची आणि संगणक देईल ती नावं त्या ड्रॅगनना द्यायची, असं ठरलं. ते काम मलाच करायला लावलं. खेळाडूला पाठवायचा ठरलेला मजकूर होता, 'आपले नाव आमच्या नियमांशी सुसंगत नाही.' खाली एक ओळ घालू का, असं मी विचारलं. "कसली ओळ?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. संगणकाने त्याच्या आईच्या जागी दिलेलं नाव मला आठवत नाही. नियमात बसणारं होतं.

माझी खुर्ची साहेबांच्या केबिनसमोर हलवली. कारण कुणी सांगितलं नाही, सगळ्यांना कळलं. दुपारचा डबा खाताना माझ्याशेजारची जागा रिकामी राहायला लागली.

पत्र आलं त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा ती पिशवी भरत होती. देवळाली कॅम्पला तिची मावशी राहायची, मावशीचे यजमान लष्करात होते. मी दारात उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगितलं. पत्र, तो माणूस, त्याची आई. साहेबांनी तिला उद्यापासून बोलावलंय, हेही सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. साडीची घडी नीट घातली. मग म्हणाली, "वही तू कधी घेतलीस?"

"तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा."

"मला विचारलं असतंस तर मी दाखवली असती."

"तू मिटायचीस ती, मी आले की."

"माझे शब्द चुकायचे. तू हसशील म्हणून मिटायचे."

मी हसले असते का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही. मी चूक झाली म्हणाले. ती "हो" म्हणाली. माफ केलं किंवा नाही केलं, असं काहीच म्हणाली नाही. रिक्षा आली तेव्हा घरमालकीणबाईंनी तिच्या ओंजळीत शेवंतीची फुलं दिली, आणि मला विचारलं, "काय गं, भांडलात का?"

ती आठवडाभर ऑफिसला आली, दुसऱ्या टोकाला बसली आणि मग डी.एड.ला तिचा नंबर लागला म्हणून सोडून गेली. कॅफेत ती त्याचेच फॉर्म बघत होती.

पुढच्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "ती पोर काय करी ऱ्हायनी व? मी तिले दर फोनले पाच शब्द सांगू. चांगली शिके." म्हणजे आई तिला खरंच शब्द सांगायची. मी म्हटलं, ती गेली शिकायला. आई खूश झाली. तिला मी खरं कधीच सांगितलं नाही.

वर्षभराने ते काम कंपनीने दुसऱ्या कुठल्या शहरात नेलं आणि ऑफिस बंद झालं. शेवटच्या दिवशीही साहेबांनी दारात उभं राहून सगळ्यांच्या पर्स बघितल्या. मी पुढे एका शाळेत मराठी शिकवायला लागले. मुलाखतीत कुठल्या, असं विचारलं तेव्हा नामपूर म्हणाले. ते धैर्य नव्हतं. लपवून काय होतं ते बघून झालं होतं.

ती मला एकदाच पुन्हा भेटली, चार-पाच वर्षांनी, दिंडोरीला शिक्षकांच्या प्रशिक्षणात. ती सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिकवत होती, लग्न झालं होतं. तिनेच मला आधी पाहिलं, हात केला, आपल्या डब्यातली नागलीची भाकरी मोडून अर्धी मला दिली. आईची चौकशी केली. मी तो जुना विषय काढायला लागले तर म्हणाली, "जाऊ दे गं, जेव."

मी जेवले. भाकरी चांगली होती. पण ती इतकी गोड का वागतेय, हिच्या मनात काय असेल, हे माझं डोकं तेव्हाही शोधत होतं. ती बोलत होती, आणि मी तिच्या डोळ्यांत काहीतरी सापडतंय का ते बघत बसले होते. मग दुसरं सत्र सुरू झालं. तिचा गट वेगळ्या खोलीत होता, डबा पिशवीत टाकून ती तिकडे गेली. संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा सुरगाण्याची गाडी निघून गेली होती.